कितव्या क्रमांकावर? शोधयंत्रांच्या क्रमवारीच्या मोजमापाचा इतिहास

सप्टेंबर २०२५मध्ये जगभरातील, आणि अर्थातच भारतातीलही, अनेक संकेतस्थळांच्या चालकांना एक चमत्कारिक दृश्य पाहावे लागले. आपले पान शोधनिकालांत किती वेळा 'दिसले', हे सांगणारा गूगलच्याच 'सर्च कन्सोल' या साधनातील आकडा एकाएकी कोसळला. त्याच दिवसांत सरासरी क्रमांक मात्र सुधारला. निकालावर टिचकी मारून प्रत्यक्ष आत येणाऱ्या वाचकांची संख्या बहुतेक ठिकाणी होती तशीच राहिली. पान कमी वेळा दिसले, वर चढले आणि तरीही वाचक तेवढेच राहिले, ही तीन विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतील?

कारण क्षुल्लक भासावे असे होते. गूगलचे निकालपान साधारणपणे दहा निकाल दाखवते. त्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी 'नम=१००' अशा अर्थाची एक छोटी खूण जोडली, की एकाच पानावर शंभर निकाल मिळत. ही सोय कित्येक वर्षे चालू होती आणि त्या महिन्यात ती बंद पडली. गूगलने एवढेच सांगितले, की ही खूण आम्ही औपचारिकरीत्या कधी पुरवलेलीच नव्हती. सामान्य वाचकाला तिचा पत्ताही नव्हता. तिचे खरे गिऱ्हाईक होते यंत्र. 'दार्जिलिंग चहा घाऊक दर' यासारखे हजारो शोधशब्द रोज गूगलला विचारायचे, आलेल्या शंभर निकालांत आपल्या ग्राहकाचे संकेतस्थळ कितव्या जागी आहे ते टिपायचे आणि सकाळी त्याचा तक्ता ग्राहकाच्या हाती द्यायचा, हा व्यवसाय करणाऱ्या आज्ञावल्या त्या खुणेवर विसंबून होत्या.

यावरून जाणकारांनी लावलेला अर्थ असा, आणि तो पटण्याजोगा आहे: पंचाऐंशीव्या क्रमांकावरचे जे पान कोणाही माणसाच्या नजरेस पडत नव्हते, ते या यंत्रांच्या नजरेस मात्र रोज पडत होते आणि गूगलच्या नोंदवहीत 'दिसले' म्हणून मोजले जात होते. यंत्रांची फेरी थांबताच ती दर्शने नाहीशी झाली. खोलवरचे क्रमांक हिशेबातून गळाल्यामुळे सरासरीही आपोआप 'सुधारली'. वाटीभर पाण्याचे तापमान घेताना तापमापीच पाण्याचे तापमान बदलते, हे शाळेत शिकवले जाते. येथे तर कित्येक वर्षे मोजल्या गेलेल्या उष्णतेचा मोठा भाग तापमापीचाच असावा, असे दिसून आले.

क्रमांक मोजण्यासाठी यंत्र लागावे, ही गरज महाजालाच्या आरंभी नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्या सुमारास माहिती शोधण्याचे मुख्य साधन होते निर्देशिका. अमेरिकेत 'याहू' होती. आपल्याकडे राजेश जैन यांच्या 'इंडियावर्ल्ड' समूहातील 'खोज' होती. हा समूह सत्यम इन्फोवेने नोव्हेंबर १९९९मध्ये ४९९ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले, तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. निर्देशिकेत माणसे संकेतस्थळांची विषयवार मांडणी करीत. याहूच्या वर्गवारीत नावे वर्णक्रमाने लावली जात, म्हणून इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या अक्षराने आपल्या संस्थेचे नाव सुरू करण्याची युक्ती दूरध्वनी-पुस्तिकेतून थेट महाजालात आली. पण त्या यादीत एक गुण होता: ती सर्वांना सारखीच दिसे. आपण कुठे आहोत, हे डोळ्यांनी पाहता येई आणि दिल्लीत दिसलेला क्रमांक कोचीतही तोच असे.

डिसेंबर १९९५मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 'अल्टाव्हिस्टा' हे शोधयंत्र सुरू केले आणि चित्र पालटले. आता यादी आधीपासून लिहिलेली नव्हती; प्रश्न विचारताक्षणी ती घडत होती. जितके प्रश्न तितक्या याद्या. आपले स्थान जाणायचे तर प्रश्न विचारणे हाच एक मार्ग उरला आणि हजार प्रश्न विचारायचे तर माणूस अपुरा पडू लागला. येथेच यंत्राने यंत्राला विचारण्याची पद्धत जन्माला आली. मोजमाप आणि लबाडी या दोन्ही गोष्टी तिच्या पोटी एकाच वेळी आल्या, हे विसरता कामा नये. अल्टाव्हिस्टाने नवे पान सुचवण्यासाठी एक खिडकी ठेवली होती. क्रमवारी आपल्या बाजूने झुकवण्यासाठी काही मंडळींनी आज्ञावल्या लिहून त्या खिडकीतून पत्त्यांचा अखंड मारा सुरू केला.

१९९७मध्ये आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जो उपाय काढला, त्याचे वंशज आपण आज रेल्वेचे तिकीट काढतानाही भोगतो. छापील अक्षरे ओळखणाऱ्या यंत्रांना नेमके काय वाचता येत नाही याचा त्यांनी अभ्यास केला आणि तशीच वेडीवाकडी, गोंधळलेल्या पार्श्वभूमीवरची अक्षरे वापरकर्त्यापुढे ठेवली. ती वाचून दाखवणारा माणूस, न वाचता येणारे ते यंत्र. 'कॅप्चा' हे नाव या प्रकाराला काही वर्षांनी, कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी दिले. पण ती कल्पना व्यवहारात उतरली ती शोधयंत्राच्या क्रमवारीला यंत्रांच्या उपद्रवापासून वाचवण्यासाठी. एप्रिल १९९८मध्ये दाखल झालेल्या पेटंटवर चार नावे आहेत: मार्क लिलिब्रिज, मार्टिन अबादी, आंद्रेई ब्रोडर आणि कृष्णा भरत. यांतले भरत मद्रास आयआयटीचे विद्यार्थी. पुढे 'गूगल न्यूज' उभारणारे म्हणून त्यांचे नाव झाले.

याच भरत आणि ब्रोडर यांनी त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे भरलेल्या सातव्या आंतरराष्ट्रीय वर्ल्ड वाइड वेब परिषदेत एक निबंध सादर केला. माझ्या मते शोधयंत्रांच्या स्वतंत्र मोजमापाचा शास्त्रीय इतिहास तेथून सुरू होतो. यंत्रांना दाराबाहेर ठेवण्याचा उपाय शोधणारे हेच दोघे, दुसऱ्यांच्या दारावर यंत्राने थाप मारून आतले घर केवढे आहे याचा अंदाज घेत होते. त्यांचा प्रश्न असा होता: अल्टाव्हिस्टा, हॉटबॉट, एक्साइट आणि इन्फोसीक या चार शोधयंत्रांची व्याप्ती किती, आणि ती परस्परांवर किती पडते? कंपन्या स्वतःचे आकडे सांगत होत्या, पण ते तपासायचे कसे?

त्यांची रीत साधी आणि देखणी होती. मोठ्या शब्दसंग्रहातून यदृच्छेने शब्द निवडून आज्ञावली एका शोधयंत्राला प्रश्न विचारी, पहिल्या शंभर निकालांतून एक पान यदृच्छेने उचली, त्या पानातील दुर्मीळ शब्द वेचून त्यांचा नवा प्रश्न बनवी आणि तो दुसऱ्या शोधयंत्राला विचारी. तेच पान तेथे सापडले तर ते दोघांकडे आहे. असे हजारो वेळा केले, की दोन अदृश्य संग्रहांच्या आकारांचे गुणोत्तर हाती येते. प्राणिगणनेशी या रीतीचे नाते उघड आहे. उल्लास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात नागरहोळेच्या जंगलात कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून वाघ ओळखून, पुन्हा दिसलेल्या वाघांच्या प्रमाणावरून एकूण संख्या काढली, त्यामागचा तर्क याच कुळातला आहे. भरत-ब्रोडर यांचा निष्कर्ष असा, की नोव्हेंबर १९९७मध्ये महाजालावर सुमारे २० कोटी स्थिर पाने होती आणि चारही शोधयंत्रांनी मिळून जेवढी पाने व्यापली होती, त्यांपैकी चौघांकडेही असलेली पाने अवघी १.४ टक्के होती. एप्रिल १९९८मध्येच 'सायन्स' नियतकालिकात स्टीव्ह लॉरेन्स आणि ली जाइल्स यांनी दाखवून दिले, की कोणतेही एक शोधयंत्र महाजालाच्या सुमारे एक तृतीयांशाहून अधिक भागापर्यंत पोहोचत नाही. सर्व काही आपल्याकडे सापडते, असा आव आणणाऱ्यांचे पितळ यंत्रानेच उघडे पाडले होते.

मोजणारे स्वतः अल्टाव्हिस्टाच्या मालक कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, हेही येथे नोंदवायला हवे. त्यांनी आपल्या पद्धतीतले दोष लपवले नाहीत. पहिल्या शंभरांतूनच पान उचलल्यामुळे क्रमवारीचा कल मोजमापात शिरतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. २०२५मध्ये बंद झालेल्या खुणेचा आकडाही शंभरच असावा, हा निव्वळ योगायोग.

ब्रिस्बेनच्या त्याच परिषदेत स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांचाही निबंध होता. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी त्यात 'गूगल' या आपल्या शोधयंत्राची रचना मांडली. एखाद्या पानाकडे किती आणि किती वजनदार पाने दुव्याने बोट दाखवतात, यावरून त्याचे महत्त्व ठरवण्याची त्यांची पद्धत यूजीन गारफिल्ड यांच्या उद्धरणसूचीच्या परंपरेतली होती. 'इम्पॅक्ट फॅक्टर'च्या धसक्यात वावरणाऱ्या आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना हे कुळ वेगळे सांगायला नको. पेजरँकवरील तांत्रिक अहवालाच्या लेखकांत कानपूर आयआयटीचे राजीव मोटवानी होते. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या ब्रिस्बेन-निबंधातील दोन जागा अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली एक बोचरी चाचणी आहे: नोव्हेंबर १९९७मध्ये चार आघाडीच्या व्यावसायिक शोधयंत्रांपैकी केवळ एकच, स्वतःचे नाव विचारले असता, पहिल्या दहा निकालांत स्वतःला शोधू शकत होते. ही क्रमांक-तपासणीच होती, आणि ती प्रतिस्पर्ध्यांवर केलेली होती. दुसरी जागा परिशिष्टातली. जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि असा कल ओळखणे फार कठीण असेल, म्हणून पारदर्शक आणि विद्याक्षेत्रातील शोधयंत्र असणे निकडीचे आहे, असे त्यांनी बजावले होते.

पुढे काय झाले, ते सर्वज्ञात आहे. गूगल जाहिरातींवर उभी राहिली आणि बाहेरच्या मोजणाऱ्यांना तिने दार लावले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'वेबपोझिशन गोल्ड' ही क्रमांक तपासणारी आज्ञावली चांगलीच खपत होती. गूगलने संकेतस्थळचालकांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत तिचे नाव घेऊन ती वापरू नका असे सांगितले. एका खासगी कंपनीने दुसऱ्या कंपनीच्या उत्पादनाचे नाव घेऊन मनाई करावी, असे क्वचितच घडते. मधला मार्गही काढून पाहिला गेला. एप्रिल २००२मध्ये गूगलने अधिकृत प्रोग्रामिंग-द्वार उघडले. नोंदणी करणाऱ्याला त्यातून दिवसाला एक हजार प्रश्न विनामूल्य विचारता येत. एखाद्या महाविद्यालयीन प्रकल्पाला तेवढे पुरेसे होते. डिसेंबर २००६मध्ये नव्या किल्ल्या देणे थांबले आणि २००९मध्ये द्वार पूर्ण बंद झाले. त्याऐवजी संकेतस्थळाच्या मालकाला त्याच्यापुरते आकडे दाखवणारे साधन पुढे आले. त्याचेच नाव २०१५मध्ये 'सर्च कन्सोल' झाले. आपला क्रमांक आता आपल्याला कळत होता, पण तो सांगणार होती क्रमांक देणारी संस्थाच. आणि शेजाऱ्याचा क्रमांक मुळीच कळणार नव्हता.

कंपनीची बाजू पोकळ नाही. यंत्रांच्या प्रश्नांचा संगणकांवर भार पडतो. क्रमवारीची रीत चाचपडून तिला फसवणारे तयार होतात. दर्शनांची आकडेवारी नासते, आणि त्याचे प्रात्यक्षिक तर आपण नुकतेच पाहिले. तरीही एक विसंगती डोळ्यांत खुपते. गूगलचे सारे वैभव तिच्या यंत्रांनी इतरांची पाने विनामूल्य वाचण्यावर उभे आहे. कोणत्या यंत्राने कुठे जाऊ नये हे सांगणारा 'रोबोट्स' फाइलचा संकेत मार्टिन कोस्टर यांनी १९९४मध्ये सुचवला. २०२२मध्ये त्याला औपचारिक मानकाचा दर्जा मिळाला, तेव्हा कोस्टर यांच्या जोडीला लेखक होते ते गूगलचे अभियंते. गूगलची स्वतःची अशी फाइल कोणालाही उघडून वाचता येते. तीत इतर यंत्रांना मज्जाव केलेल्या जागांत शोधनिकालांचे पान आहे.

दरम्यान, 'क्रमांक' ही संकल्पनाच आतून विरघळू लागली होती. डिसेंबर २००९पासून गूगल खात्यात प्रवेश न केलेल्यांनाही व्यक्तिसापेक्ष निकाल देऊ लागली. आता रांचीच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या जागी दिसणारे पान चेन्नईच्या डॉक्टरला सातव्या जागी दिसू शकत होते. मग खरा क्रमांक कोणता? बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील अनिको हनाक, क्रिस्टो विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये या प्रश्नाला प्रयोगशाळेची शिस्त लावली. दोन व्यक्तींचे निकाल वेगळे आले एवढ्यावरून व्यक्तिसापेक्षता सिद्ध होत नाही. वेगळ्या क्षणी किंवा वेगळ्या संगणकाकडून उत्तर आल्यानेही फरक पडतो. म्हणून त्यांनी प्रत्येक चाचणीबरोबर तंतोतंत सारखे जुळे खाते ठेवले आणि दोघांकडून एकाच क्षणी एकच प्रश्न विचारला. जुळ्यांत जो फरक दिसला तो गोंगाट. त्याहून अधिक दिसला तो व्यक्तिसापेक्षतेचा. सरासरी ११.७ टक्के निकालांत असा फरक आढळला. खात्यात प्रवेश केलेला असणे आणि वापरकर्त्याचे ठिकाण ही त्याची मोठी कारणे ठरली. औषधचाचणीत तुलनागट असतो तसाच हा विचार, आणि तोही अर्थातच आज्ञावलीकडून पार पाडलेला. मानवी हातांनी हे साधले नसते.

हे सारे दूरदेशीचे पांडित्य वाटत असेल, तर भारतीय स्पर्धा आयोगाचा ८ फेब्रुवारी २०१८चा आदेश चाळावा. 'भारत मॅट्रिमोनी' चालवणाऱ्या कंपनीने आणि जयपूरच्या 'कट्स' या ग्राहकसंस्थेने २०१२मध्ये दिलेल्या तक्रारींवर आयोगाने बहुमताने गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. दोन सदस्यांचे मत भिन्न होते. बरेच आरोप आयोगाने फेटाळले, हेही खरे. पण मान्य झालेला एक मुद्दा थेट क्रमांकाचा होता. छायाचित्रे, बातम्या, नकाशे यांसारख्या खास निकालांचे गट २०१०पूर्वी प्रसंगानुरूप कोणत्याही जागी न येता पहिल्या, चौथ्या किंवा दहाव्या अशा ठरलेल्या जागीच येत असत. म्हणजे क्रमवारी निव्वळ समर्पकतेवर ठरते या समजाला छेद जात होता. बाहेरून पाहणाऱ्या यंत्राला एक, चार आणि दहा हे आकडे पुन्हा पुन्हा आल्याचे दिसले असते. त्यामागची योजना मात्र चौकशीचे अधिकार असलेल्या यंत्रणेलाच उलगडता येते. आणि प्रथा बंद झाली २०१०मध्ये, निर्णय आला २०१८मध्ये. त्या वेळची निकालपाने कोणी तटस्थपणे जपून ठेवली नसतील, तर आठ वर्षांनी पुरावा कशाचा द्यायचा?

क्रमांकामुळे खरेच एवढा फरक पडतो का, या प्रश्नाचे एक उत्तरही भारतातूनच मिळाले. रॉबर्ट एपस्टाइन आणि रोनाल्ड रॉबर्टसन यांनी २०१४च्या लोकसभा निवडणुकीदरम्यान मत न ठरलेल्या २,१५० भारतीय मतदारांवर प्रयोग केला. राहुल गांधी, अरविंद केजरीवाल आणि नरेंद्र मोदी यांच्याविषयीचे निकाल एका लुटुपुटीच्या शोधयंत्रात वेगवेगळ्या क्रमाने दाखवले गेले. क्रम बदलताच अनेकांचा कौल बदलला आणि आपल्याला कलते निकाल दाखवले गेले, हे बहुतेकांच्या लक्षातही आले नाही. हा अभ्यास २०१५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर पुष्कळ वाद झाले. प्रयोग कृत्रिम होता, आणि कोणत्याही कंपनीने तसे केले हे त्यातून सिद्ध होत नाही. पण क्रमात किती ताकद असते ते कळले आणि ती कोणी वापरली का हे कळण्याची सोय नाही, अशी स्थिती उरली.

ही सोय निर्माण करू पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने कायदाही वाचून ठेवावा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४३व्या कलमानुसार संगणकप्रणालीतून मालकाच्या परवानगीविना विदा उतरवून घेतल्यास भरपाईचे दायित्व येऊ शकते. तपास करणारा संशोधक आणि चोरी करणारा प्रतिस्पर्धी यांत ते कलम फरक करीत नाही. अमेरिकेत क्रिश्चन सँडविग प्रभृती संशोधकांनी २०१६मध्ये न्यायालयात धाव घेतली. २०२०मध्ये तेथील जिल्हा न्यायालयाने म्हटले, की संशोधनासाठी संकेतस्थळाच्या अटी मोडणे एवढ्यानेच फौजदारी गुन्हा होत नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याचे ४०वे कलम पडताळणी झालेल्या संशोधकांना मोठ्या मंचांकडून विदा मागण्याचा हक्क देते. आपल्या कायद्यात त्याच्या तोडीचे कलम नाही.

सप्टेंबर २०२५नंतर क्रमांक मोजणाऱ्यांना शंभर निकालांसाठी एकाऐवजी दहा विनंत्या कराव्या लागू लागल्या. खर्च त्या प्रमाणात वाढला आणि काहींनी पहिल्या काही पानांपलीकडे पाहणेच सोडून दिले. डिसेंबर २०२५मध्ये गूगलने निकालपाने उतरवून विकणाऱ्या 'सर्पएपीआय' या कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. मोठ्या व्यापाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही. त्याचे पान पहिल्या दहांत असते आणि वाढलेला खर्च त्याला झेपतो. एखाद्या ओडिया किंवा संथाळी शब्दकोशाचे त्र्याहत्तराव्या जागी पडलेले पान चढते आहे की बुडते आहे, याची बाहेरची नोंद ठेवणारे मात्र आता कमी झाले आहेत.